गादीवरून 'नाही' म्हणायचं नसतं

सगळ्यात आधी त्या पेरूचं सांगतो. तो आठवला की अजून तोंडाला पाणी सुटतं, पण खावंसं वाटून नव्हे. ओकारी यायच्या आधी सुटतं तसलं.

डोक्याला मार लागून माझी वाचा गेली, त्याला दोनेक महिने झाले होते. माझी मावशी, ऐंशीच्या पुढची, माजलगावकडच्या तिच्या गावाहून एसट्या बदलत आली आणि आल्या आल्या तिनं पदराची गाठ सोडून एक पेरू काढला. अर्धा खाल्लेला. पोपटानं. आमच्याकडं एखादं लेकरू बोलायला उशीर करायला लागलं की त्याला पोपटानं उष्टावलेला पेरू चारतात, म्हणजे ते पोपटासारखं घडाघडा बोलायला लागतं अशी समजूत. मी लेकरू नव्हतो. साठीला आलेला, युसूफ वडगावात कापडाचं दुकान चालवणारा, दोन पोरींची लग्नं केलेला बाप्या होतो. पण वाचा गेलेल्या माणसाचं वय लोक आपापल्या मनानं ठरवतात. पेरू पदरात घामेजून मऊ पडला होता, चोचीच्या जागा काळ्या झाल्या होत्या आणि त्यातल्या एका भोकातून मुंगी ये-जा करत होती.

"खातुस न्हवं रं, राजा?" मावशी म्हणाली.

नाही, मेलो तरी नाही, असं माझ्या डोक्यात लख्ख होतं. तोंडातून आलं, "हो."

आणि खाल्ला. मावशी भरवत होती, बायको शेजारी उभी राहून बघत होती. मावशीपुढं तिचं काय चालणार? मुंगी तोंडात गेलेली मला कळली. गिळल्यावर मावशीनं माझ्या जिभेवर वेखंड उगाळून चोळलं, तेही लेकरांचंच औषध, आणि पदरानं माझी हनुवटी पुसली. मला त्या पेरूची किळस आली, मावशीच्या बोटाची आली, पण सगळ्यात जास्त माझ्या तोंडाची आली. माझ्याच चेहऱ्यावर असून ते माझं ऐकत नव्हतं.

अपघाताचं सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू होता. दिवेलागणीला मी माजलगावहून मोटरसायकलवर येत होतो, हेल्मेट घरी खुंटीवर होतं. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्यातच बंद पडून उभा, मागं ना दिवा ना लाल पट्टी. चार दगड लावले होते म्हणे. लातूरला डोक्याचं ऑपरेशन झालं आणि मी वाचलो. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्याचं एक इंग्रजी नाव सांगितलं. तेव्हा मला ते म्हणता येत नव्हतं, आता येतं, पण म्हणावंसं वाटत नाही. समजत सगळं होतं. कोण आलं, काय म्हणालं, कोण खोटं बोलतंय, सगळं. फक्त उत्तर द्यायला गेलो की शब्द दडी मारायचे आणि त्यांच्या जागी एकच शब्द उंडारत बाहेर यायचा. हो. पाणी हवं का? हो. दुखतंय का? हो. मेलाव का? हो.

हाच शब्द का राहिला, याचं कारण मला खाटेवर पडल्या पडल्या कळलं. आमच्या वडिलांनी मला गादीवर बसवलं तेव्हा एकच नियम सांगितला होता: गादीवरून 'नाही' म्हणायचं नसतं. लक्ष्मी ऐकत असते. माल संपला असला तर 'येतंय' म्हणायचं. रंग नसला तर 'उद्या देतो'. उधारी द्यायची नसली तर 'बघू की'. दुकानसुद्धा बंद करायचं नाही, 'वाढवायचं'. मी तो नियम इतका पाळला की घरातही माझ्या तोंडी नाही नसायचं. पोरी लहानपणी काहीही मागायच्या, मी 'आणू की' म्हणायचो आणि आणायचो नाही. सबंध जन्मात ज्या शब्दाला मी तोंडात जागा दिली नाही, तो गरज पडल्यावर कुठून येणार?

भेटायला येणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. आजाऱ्याला भेटायला जाणं ही आमच्याकडं रीत आहे, आणि या रीतीतून माणूस जिवंत सुटला तर त्याचं नशीब. यायचे, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवायचे आणि तोंड माझ्या तोंडाजवळ आणून ओरडायचे, "ओळखलं का मलाऽ?" वाचा गेली की कानही जातात असा अख्ख्या तालुक्याचा पक्का समज आहे. एकजण तर गालात तंबाखू धरून ओरडायचा, त्याचे शिंतोडे माझ्या कपाळावरच्या टाक्यांवर पडायचे. "मी कोन? सांगा बरं, मी कोन?" तो कोण हे मला चांगलं ठाऊक होतं. बायकोला लग्नात नेसवून, मिरवून, मग 'रंग जातोय' म्हणून लुगडं परत आणणारा तो. हे सगळं माझ्या डोक्यात तयार असायचं आणि तोंडातून यायचं, "हो." मग तो मान हलवायचा आणि माझ्यासमोर, माझ्याच घरचा चहा बशीत ओतता ओतता म्हणायचा, "गेलं. चांगलं मानूस गेलं बगा."

मला चीड नाही, शिसारी यायची. चीड माणसांची येते. ते सगळे मला शाळेतल्या पोरासारखे पाढे विचारून, नापास करून, समाधानानं घरी जात होते.

उन्हाळा लागला तेव्हा धाकट्या भावानं बैठक बोलावली. भाऊ वाईट माणूस नाही. मला लातूरला घेऊन तोच धावला, रक्त त्यानंच दिलं. पण शेती आणि गावचं राजकारण करता करता त्याला सवय लागली आहे की कुठलीही गोष्ट चार माणसांत बोलली की ती ठरली. त्याचा मुलगा बीडला स्पर्धा परीक्षेचे क्लास करून, काही न होता, परत आला होता. त्याला दुकान हवं होतं. गादी काढून काचेचं काउंटर, आतून लाईट, जीन्स लावलेले पुतळे. हेही मला ऐकूनच ठाऊक होतं, कारण माझ्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलायचे, माझे कान गेलेले ना.

गावातली चार जाणती माणसं माझ्या खाटेभोवती बसली. भाऊ म्हणाला, "दादा, फुडच्या गुडीपाडव्यापासून पोरगं गादीवर बसंल. तुमी लई राबलाव, आता आराम करा. चालतंय न्हवं?"

त्या गादीवर मी चाळीस वर्षं मांडी घातली होती. तिचा कोपरा माझ्या गुडघ्यानं खोलगट झालेला आहे. मी सगळा जीव एकवटला, कानशिलं तापली, डावी मूठ वळली.

"हो," मी म्हणालो.

"बघा, दादा सोता हो म्हणले," भाऊ चौघांना म्हणाला आणि पेढे आले. एक माझ्याही तोंडात कोंबला. तो पेढा आणि तो पेरू, दोन्हींची चव मला आता वेगवेगळी करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "काल मनापासून म्हणलाव का तुमी?"

"हो."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तिला दिसत होतं. "कशाला खोटं बोलताव," ती म्हणाली, आणि तिलाही कळलं की मी खोटं बोलत नव्हतो, मला बोलताच येत नव्हतं. तेव्हापासून आम्हां दोघांना एकच ध्यास लागला. पाडव्याच्या आत मला एक शब्द हवा होता. अख्खी भाषा गेली चुलीत.

पुतण्यानं मदत म्हणून माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. असल्या आजारात बोलणं शिकवणारं. त्याचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, आणि म्हणायची सोयही नव्हती. चित्र दिसायचं, त्याचं नाव म्हणायचं. पहिलं चित्र बर्फाच्या माणसाचं. दुसरं हिरव्या कोबीसारख्या कसल्याशा भाजीचं, जी मी जन्मात खाल्ली नाही. मग पियानो. मग पेंग्विन. ज्याला साधं 'पाणी' म्हणता येईना, त्यानं पेंग्विन म्हणायचं. चुकलो की एक बाई गोड गोड आवाजात म्हणायची, "अरेरे! पुन्हा प्रयत्न करू या हं!" आणि चुकून बरोबर आलं की फुगे उडायचे, टाळ्या वाजायच्या आणि तीच बाई किंचाळायची, "वाऽऽ! शाब्बास!" त्या बाईला मी बघितलं नाही, पण रस्त्यात भेटली तर आवाजावरून ओळखीन आणि तोंड फिरवीन. अधूनमधून जाहिराती. रमी खेळा, सोन्यावर कर्ज घ्या, टकलावर केस उगवा. माझ्या डोक्याचं हाड कापून परत बसवलेलं, त्यावर केस उगवत नव्हते, हे त्या फोनला कोणी सांगितलं कोण जाणे.

शेवटी बायकोच म्हणाली, बीडला चला. बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम तिथं आहेत असं तिनं कुणाकडून तरी काढलं होतं. केजला एसटी बदलायची, बीडच्या स्टँडवरून रिक्षा. कोचिंग क्लासच्या जिन्याखाली त्यांची खोली. वर पोरं कोरसमध्ये उत्तरं ओरडत असायची आणि खाली मी एका शब्दासाठी घाम गाळत असायचो.

पहिल्या दिवशी मला त्याही आवडल्या नाहीत. माझ्या पोरींपेक्षा लहान, बोलणं शहरातलं, आणि मला "काकाऽऽ" अशी लांबलचक हाक, जणू मी विहिरीत पडलोय. टेबलावर धूळ बसलेली प्लास्टिकची फळं. त्यांनी नेमका पेरू उचलला.

"काका, हा आंबा आहे का?"

"हो," मी म्हणालो.

"हा पेरू आहे का?"

"हो."

मला वाटलं, आता ह्याही मान हलवणार आणि गेलं म्हणणार. पण त्या बायकोकडं वळल्या. "काकू, काकांना कळतंय सगळं. त्यांचे डोळे बघा, आंबा म्हटल्यावर चिडले. पण त्यांचा 'हो' अजून धरायचा नाही. काहीही विचारलं की एकदा सरळ विचारायचं, मग उलटं विचारायचं. दोन्हीला 'हो' आलं, तर उत्तर मिळालंच नाही असं समजायचं. घरात सगळ्यांना सांगा."

मला कुणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं. तरी त्यांची ती "काकाऽऽ" मला शेवटपर्यंत खटकत राहिली, हेही खरं.

त्यांनी दुसरं एक ॲप दिलं, रिकामं. त्यात आपण आपले फोटो घालायचे, आपल्या माणसाचा आवाज भरायचा; बटण दाबलं की फोन बोलतो. सातवी शिकलेल्या माझ्या बायकोनं घरभर फिरून फोटो काढले. तांब्या. चहाचा कप. संडासचं दार. जोंधळ्याची भाकरी. दुकानातलं खणाचं गाठोडं, टॉवेलांची चळत, गादी. सगळ्यांत तिचा आवाज. शेवटी लाल चौकोन उरला, 'नाही'चा. मॅडम म्हणाल्या, घरात जसं बोलता तसंच म्हणा. बायको फोन तोंडाशी धरून बसली आणि तिला काही केल्या म्हणता येईना. हसू यायचं, मग आवाज चोरायचा.

"मला बी सवय न्हाई ओ ही म्हनायची," ती म्हणाली. मग डोळे मिटून एकदम ओरडली, "न्हाई!" तेच आम्ही ठेवलं.

तोंडाचा अभ्यास वेगळा. डाव्या हातानं मांडीवर ठोका द्यायचा आणि शब्द गाण्यासारखा ओढायचा. न्हाऽ म्हणताना एक ठोका, ई म्हणताना दुसरा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. लाळ गळायची, सदरा भिजायचा, मी मांडी बडवत भिकाऱ्यासारखा सूर लावायचो आणि निघायचं काय, "हो". आरशात बघायला सांगितलं होतं. मी बघितलं आणि मला वीट आला त्या माणसाचा. एका कडेला ओघळलेलं तोंड आणि मध्ये वळवळणारी जीभ. आठ-आठ दिवस मी अभ्यास सोडून द्यायचो. बायको माझ्यासमोर बसून स्वतःच्या मांडीवर ठोके देत म्हणायची, "न्हाऽ-ई. न्हाऽ-ई." तिचं बरं जमायला लागलं होतं.

मध्येच गाणं आलं. एका सोमवारी बायको मला महादेवाच्या देवळात घेऊन गेली आणि आरती सुरू झाल्यावर मी ती म्हणायला लागलो. अख्खी. एक शब्द न चुकता. मीच घाबरलो. पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या की असं होतं, गाणं डोक्यात दुसरीकडं असतं, आणि त्याच वाटेनं आपण शब्द आणणार आहोत. पण गावानं त्याच रात्री निकाल देऊन टाकला होता: सोंग आहे. आरती येते आणि पाणी मागता येत नाही? भाऊ तर घरी येऊन सांगून गेला, "दादाला समदं येतंय. मग पेढ्याच्या दिवशी हो म्हणले ते बी समजूनच म्हणले." इतके दिवस माझं काही शिल्लक नव्हतं म्हणून लोक हळहळत होते. थोडं शिल्लक आहे असं दिसलं की तेच लोक मला लबाड म्हणायला लागले. त्यानंतर मी देवळात गेलो नाही. देवाचा राग नाही, टाळ कुटणाऱ्यांचा आहे.

पाडवा महिन्यावर आला असताना दुकानात एक बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची माणसं जीप भरून एका दुकानात येतात, सतरंजीवर ऐसपैस बसतात, चहा होतो, आणि नवरीचं पहिलं वस्त्र पसंत झालं की त्याला हळदीकुंकू लावून बाजूला काढतात. पुतण्या माल दाखवत होता. मला गादीखाली कोपऱ्यात लोडाला टेकवून बसवलं होतं. जुनं गिऱ्हाईक होतं; मला ते आप्पा म्हणतात, आणि आप्पा दिसले की त्यांना भरवसा वाटतो म्हणून.

नवऱ्या मुलाच्या आत्यानं एक जांभळा शालू धरला. तो शालू मला चांगला ठाऊक होता. तीन लग्नसरायांत खपला नव्हता. पुतण्यानं त्याची अशी काही तारीफ केली की मीसुद्धा थक्क झालो. पोरगं तसं हुशार. नवरी एका कडेला बसली होती. तिची नजर मघापासून मोरपंखी साडीच्या घडीवर होती, ती घडी सगळ्यांच्या गुडघ्यांखाली गेली तरी.

"आवडला न्हवं गं?" आत्यानं विचारलं आणि उत्तराच्या आधीच कुंकवात बोट बुडवलं.

"हो," पोरगी सतरंजीकडं बघत म्हणाली.

तो 'हो' मी ओळखला. इतक्या माणसांत तो ओळखणारा मी एकटाच होतो. माझा डावा हात आपोआप मांडीवर पडायला लागला, एक, दोन, आणि सूर लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, माझ्या तोंडातून शब्द आला. "न्हाऽई."

चहाचे कप हातातच राहिले. आत्याबाईंचं बोट शालूवर टेकलेलं. "आगं बया! कुकू लावलेल्या कापडाला न्हाई म्हणलं ह्यानं!" ती उठली. तिच्यामागं बाकीचे उठले. भाऊ हात जोडून जीपपर्यंत गेला. "मनावर घेऊ नका पावनं, डोक्याला मार हाय. त्यांला हो-न्हाई काई कळत न्हाई." नवरीनं जाता जाता मागं वळून माझ्याकडं बघितलं, पदर तोंडावर धरला होता, हसत होती की रडत होती ते दिसलं नाही. बस्ता केजच्या दुकानात गेला.

भाऊ माझ्याशी चार दिवस बोलला नाही. मला त्याचं काही नव्हतं. मला राहून राहून एकच गोष्ट सलत होती. माझा 'हो' चार माणसांत पेढे वाटण्याइतका खरा, आणि माझा 'नाही' म्हणजे आजार. ह्यांना माझी वाचा परत यायला नको होती. ह्यांना माझा होकार तेवढा पुरत होता.

पाडव्याला सकाळी गुडी उभारली. कडुलिंबाचा पाला चावला आणि वर्षभरात पहिल्यांदा एखाद्या चवीबद्दल मला तक्रार वाटली नाही. दुकानात गादीला नवी पांढरी खोळ घातलेली. नवा सदरा घातलेला पुतण्या गादीवर बसलेलाच होता, पुढं नारळ. तेच चौघे जाणते भिंतीला टेकून. रीत म्हणून भावानं मला समोर खुर्चीवर बसवलं. "दादा, तुमच्या आशीर्वादानं आजपासून पोरगं गादी बघंल."

मी डाव्या हातानं फोन काढला आणि लाल चौकोन दाबला. "न्हाई!" फोन बायकोच्या आवाजात ओरडला.

चौघे हसले. भाऊही हसला. "ह्यो तर वहिनीचा आवाज हाय. चुकून दाबलं आसंल." मी परत दाबला. त्यानं फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला, लेकराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा. "तोंडानं सांगा दादा, तोंडानं. पोरगं बसू द्यायचं न्हवं?"

मी मांडीवर ठोका दिला. दुसरा दिला. सूर धरला. महिनोन् महिने मळलेली वाट होती ती. आणि माझ्या नालायक तोंडातून, सगळ्यांसमोर, स्पष्ट, खणखणीत आलं, "हो."

कुणीतरी टाळी वाजवली. मला त्या ॲपमधल्या बाईची आठवण झाली. भावानं नारळ उचलला.

"आता उलटं इचारा."

बायको दारात उभी होती, हातात आरतीचं ताट. ती दुकानात कधी बोलत नाही. फोटो काढायला आली ती सोडली तर ती आत पाऊलसुद्धा टाकत नाही.

"काय म्हणलाव, वहिनी?"

"उलटं इचारा की, भाऊजी. गादी तुमच्याकडंच ठेवायची का, आसं इचारा ह्यांला."

"कावून?"

"बीडच्या म्याडमनी सांगितलंय. सरळ इचारलं की उलटं बी इचारायचं."

भाऊ नारळ हातात फिरवायला लागला. चौघांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यालाच चैन पडेना. त्यानं पुढं वाकून, बिलकूल न ओरडता, विचारलं, "आप्पा, गादी तुमच्याकडंच ठेवायची का?"

"हो," मी म्हणालो.

"घ्या!" भाऊ म्हणाला. "ह्याला बी हो, त्याला बी हो! ह्यांला काई कळतच न्हाई, म्या काय सांगत हुतो?"

"मग तवाचं हो कशाला धरलं?" बायको म्हणाली. तिच्या हातातल्या ताटातला दिवा विझला, आणि ती तरी बोलत होती. "न्हाई म्हणले तवा मार लागलाय म्हणलाव. फोन न्हाई म्हणला तर वहिनी म्हणलाव. आन् हो म्हणले की लगी पेढे. ते पेढे कशाचे वाटले, भाऊजी?"

चौघांनीही ते पेढे खाल्ले होते. कोणी छताकडं बघत होतं, कोणी गुडीच्या काठीकडं. म्हातारा घसा खाकरून पुतण्याला म्हणाला, "पोरा, ऊठ जरा. ह्यांला नीट बोलाया येऊ दे, मग बघू." पुतण्या बापाकडं बघत उठला. भाऊ नारळ तिथंच ठेवून बाहेर पडला. 'बायका दुकानात बोलायला लागल्या' असं काहीतरी म्हणत. त्याची बाजू मला कळते. कळते म्हणून आवडली पाहिजे असं नाही.

मी गादीवर चढलो. बायकोनं काखेत हात घालून चढवलं. माझा गुडघा त्या खोलगट कोपऱ्यात बसला. समोर भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. एवढ्यात एक शेतकरी पायरी चढून आला. पाडव्याचं पहिलं गिऱ्हाईक.

"आप्पा, बरं वाटतंय का? धोतरजोडी हाय का?"

माझ्या पाठीमागं धोतरांच्या जोड्या छताला टेकल्या होत्या.

"न्हाई," मी म्हणालो.

मांडीला हात न लावता. सूर न लावता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मागच्या फळीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "बरं," म्हणाला आणि पायरी उतरून गेला. सणाच्या दिवशी, बोहणीच्या वेळी, वडिलांच्या डोळ्यांदेखत, त्या गादीवरून आजवरचा पहिला नकार गेला होता, आणि तोही साफ चुकीचा. मला कसलंच वाईट वाटलं नाही.

"आवं, धोतरं तर हायती की!" बायको म्हणाली. तिनं फळीवरून एक जोडी ओढली आणि ती त्याच्या मागं पळायला निघाली.

"न्हाई!" मी ओरडलो.

ती पायरीवरच थांबली.